बिनतारी माल : परवाना नको, पण कागद हवा

आमच्या जवळा बाजारसारख्या गावातही आता बिनतारी वस्तू नसलेले दुकान शोधावे लागेल. कापडाच्या दुकानात कॉर्डलेस स्कॅनर, गल्ल्यावर वाय-फायचा कॅमेरा, जलशात कॉर्डलेस माइक, खेळण्यांच्या दुकानात रिमोटची मोटार, मंडपवाल्याकडे वॉकीटॉकी. "याला लायसन्स लागत नाही," असे घाऊकवाला सांगतो आणि आपण माल उचलतो. हे बोलणे अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे माहीत नसेल तर माल जप्त होतो, भांडवल अडकते आणि चौकशीचे फेरे आपल्या नशिबी येतात, घाऊकवाल्याच्या नव्हे.

कायदा काय सांगतो?

१९३३ च्या इंडियन वायरलेस टेलिग्राफी कायद्याने बिनतारी यंत्र नुसते जवळ बाळगायलाही परवाना सक्तीचा केला. साध्या रेडिओसाठी आपले वडीलधारे पोस्टात वर्षाची फी भरत. ती पद्धत १९८० च्या दशकात संपली. मात्र लहरी सोडणाऱ्या यंत्रासाठी याच कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. शिवाय यंत्र ज्याच्या ताब्यातील जागेत सापडेल, ते त्याचेच असे न्यायालय गृहीत धरू शकत होते. "माल दुसऱ्याचा, आम्ही फक्त ठेवला," ही सबब म्हणूनच कधी फारशी कामाची नव्हती. जुन्या कायद्यांची जागा घेण्यासाठी दूरसंचार कायदा, २०२३ आला आणि २०२४ पासून तो टप्प्याटप्प्याने अमलात येऊ लागला.

लहरींवर सरकारचा पहारा का, असे कोणी विचारेल. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या खटल्यात सांगितले की, हवेतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. गावच्या रस्त्यासारखीच ही गोष्ट. रस्ता सर्वांचा, पण म्हणून कोणी मधोमध दुकान मांडू शकत नाही.

मोकळे पट्टे कोणते?

अमेरिकेने १९८५ साली काही लहरी विनापरवाना वापरास खुल्या केल्या. आपल्याकडे जानेवारी २००५ च्या नियमांनी २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झचा पट्टा घराबाहेरील वापरासाठीही मोकळा झाला. वाय-फाय, ब्लूटूथ, स्कॅनर, आजची बरीच रिमोट खेळणी यातच चालतात. जुन्या धर्तीची रिमोट खेळणी २७ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात. त्या ठिकाणीही २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात ५ वॅटपर्यंत सूट आहे. तयार कपड्यांवर लावायच्या आरएफआयडी टॅगसाठी ८६५ मेगाहर्ट्झपासूनचा छोटा पट्टा राखला आहे. वॉकीटॉकीसाठी २०१८ च्या नियमांनुसार फक्त ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ.

या सवलतीला दोन अटी आहेत. आपल्या यंत्राने परवानाधारकाला अडथळा होता कामा नये. आणि दुसऱ्याच्या यंत्राने आपल्याला अडथळा झाला तर दाद मागता येत नाही. शेजारच्या वाय-फायमुळे आपला कॅमेरा अडखळला तर तो सोसावा लागतो.

फसगत कुठे होते?

पहिली फसगत परदेशी मालात. आखातात किंवा अमेरिकेत असलेला आपला नातलग प्रेमाने कॉर्डलेस फोन आणतो. तिथे तो कायदेशीर असतो, इथे तसा असेलच असे नाही. अमेरिकेतील डेक्ट पद्धतीचे फोन १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर बोलतात. आपल्याकडे हा भाग मोबाइल कंपन्यांच्या पट्ट्यात येतो. अमेरिकेसाठी बनलेली ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झची टॅग-यंत्रेही आपल्या मोबाइलच्या पट्ट्यात शिरतात. ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०२२ च्या लिलावात मोबाइल सेवेसाठी गेला, म्हणून जुना कॉर्डलेस माइक घेताना त्याची फ्रिक्वेन्सी आवर्जून पाहावी.

दुसरी फसगत वॉकीटॉकीत. स्वस्तातले काही संच १३६ ते १७४ आणि ४०० ते ४७० मेगाहर्ट्झमध्ये कुठेही लावता येतात. पोलीस व इतर सेवांचे बोलणे या टप्प्यांत असू शकते. इज्तेमाच्या मैदानावर स्वयंसेवकांच्या हाती असा संच आढळला, तर नेक कामावर विनाकारण संशयाचे सावट येते. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या १३ मंचांना वॉकीटॉकीवरून नोटिसा काढल्या. ३० मे २०२५ रोजी मार्गदर्शक तत्त्वेही जारी झाली. मोठ्यांना विचारणा झाली, तर लहान दुकानदार सुटेल असे समजू नये.

तिसरी फसगत बूस्टरची. गावात रेंज नसली की कोणीतरी मोबाइल सिग्नल वाढवणारा डबा विकत घ्यायला सांगतो. जुलै २०२२ मध्ये दूरसंचार विभागाने स्पष्ट केले की, परवानाधारक मोबाइल कंपन्यांखेरीज कोणी असा बूस्टर बाळगणे वा विकणे बेकायदा आहे. जॅमरलाही खास परवानगीशिवाय बंदीच आहे.

मग करावे काय?

माल घेण्यापूर्वी तीन गोष्टी मागाव्यात. एक, फ्रिक्वेन्सी आणि ताकद किती, ते डब्यावर किंवा माहितीपत्रकात छापलेले असावे. दोन, ईटीए, म्हणजे यंत्राच्या नमुन्याची मान्यता. ती केंद्राची डब्ल्यूपीसी शाखा देते आणि उत्पादक किंवा आयातदाराने काढायची असते. किरकोळ दुकानदाराने तिची प्रत मागून फाइलला लावावी आणि प्रतीवरील मॉडेल नंबर डब्याशी ताडून पाहावा. तीन, पक्के जीएसटी बिल, मॉडेल नंबरासह. कागद न देणाऱ्याचा माल कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. परवाना लागणाऱ्या वॉकीटॉकीचा धंदा करायचा असेल, तर डीलरसाठीची वेगळी परवानगी आधी घ्यावी.

व्यापारी बंधूंनो, आपण थान मोजताना गज सरळ धरतो, कारण माप ही गिऱ्हाइकाची अमानत आहे. बिनतारी मालातही फ्रिक्वेन्सी हेच माप आहे. फरक इतकाच की ते डोळ्यांना दिसत नाही, कागदावरच दिसते. तो कागद गल्ल्यात असला, तर विचारायला कोणीही आले तरी आपल्याला उठून उभे राहण्यापलीकडे काही करावे लागणार नाही.