खोसाची बाराखडी, निपाणीच्या तोंडी

चहा घेणार का, असं विचारलं की बेळगावातलं एखादं पोर मान उडवून नुसतं ‘च्यक्’ करतं. नको, हे सगळ्यांना कळतं. कुणाच्या घरची वाईट बातमी कानावर आली की आजी तोच आवाज तीन-चारदा काढते, तेव्हा ती हळहळ असते. टांगेवाला घोड्याला हाकताना गालाच्या आतल्या बाजूनं निराळाच आवाज काढतो. मुलं घोडा-घोडा खेळताना जीभ टाळूला चिकटवून ‘टॉक टॉक’ टापा वाजवतात. निपाणीत घरी मराठी बोलत असोत की कानडी, हे तिन्ही आवाज लहानपणापासून तोंडात असतात; शब्दात मात्र कधी येत नाहीत. वर लिहिलेलं ‘च्यक्’सुद्धा खोटंच आहे, त्यात ना च आहे ना क. देवनागरीला तो आवाज लिहिता येत नाही आणि कन्नड लिपीलाही नाही.

दक्षिण आफ्रिकेत ८० लाखांहून जास्त लोकांची मातृभाषा असलेल्या खोसात मात्र हे तिन्ही आवाज चक्क व्यंजनं आहेत. तिथं कानातल्याला म्हणतात ‘इ-च्यक्-इ-च्यक्-इ’. (रोमन अक्षरांत हा शब्द हुबेहूब आपल्याकडच्या एका बँकेच्या नावासारखा दिसतो!) अंडं म्हणजे ‘इ-टॉक्-आंदा’. माफ करा म्हणायचं तर उ, मग घोडा हाकण्याचा आवाज, मग ओलो. खुद्द ‘खोसा’ या नावाची सुरुवातही त्या घोडा हाकण्याच्या आवाजानंच होते. मिशनऱ्यांनी ही भाषा रोमन लिपीत बसवली, तेव्हा सी, क्यू आणि एक्स ही अक्षरं मोकळीच होती, कारण त्यांचं काम के आणि एस करत होते. तीच या तीन आवाजांना देऊन टाकली. नेल्सन मंडेलांचं बालपण गेलं त्या कुनू गावाच्या नावात क्यू आहे, म्हणजे तिथं क नाही, टाप वाजते.

आवाज निघतो कसा? आपण एरवी जे बोलतो ते फुप्फुसातून बाहेर येणाऱ्या हवेवर. इथं फुप्फुसाचं कामच नाही. जिभेचं मूळ क म्हणताना जिथं टेकतं तिथं टेकवायचं, पुढचा भाग दातांमागे किंवा टाळूला चिकटवायचा. दोन्ही दारं बंद झाली, मध्ये चिमूटभर हवा अडकली. आता जिभेचा मधला भाग खाली ओढला की जागा वाढते, हवा तेवढीच राहते आणि दाब उतरतो. पुढचं दार सोडलं की बाहेरची हवा आत घुसते, घट्ट बसलेल्या बरणीचं झाकण उघडताना होतो तसा आवाज करत. जीभ दातांमागून सुटली तर च्यक्, टाळूवरून सुटली तर टॉक, कडेनं सुटली तर टांगेवाल्याचा आवाज. खात्री करायची तर नाकातून एखादी चाल गुणगुणत ‘टॉक टॉक’ करून पाहा. गुणगुण तुटत नाही! तोंडाचं मागचं दार लागलेलं असलं, तरी नाकाची वाट मोकळी असते.

आणि आता खरी गंमत. जिभेचं मूळ क च्या जागी टेकलेलंच आहे, तर त्याच क्षणी क, ख, ग, ङ यांतला हवा तो ढंग त्या आवाजाला लावता येतो. खोसा नेमकं हेच करते. नुसती टाप, ख सारखा श्वास सोडलेली टाप, ग आणि घ यांच्या मधल्या घोषाची टाप, ङ सारखी नाकातली टाप. असे एकूण सहा ढंग, आवाजाच्या जागा तीन, म्हणजे १८ व्यंजनं. इंग्रजी बोलणाऱ्याला क आणि ख हे दोन वेगळे वर्ण आहेत इथपासून सुरुवात करावी लागते. आपल्याकडे ‘क ख ग घ ङ’ मुलं अर्थ न कळता घोकतात, मराठी शाळेत आणि कानडी शाळेतही. ज्या ङ ला आयुष्यभर काही कामच मिळत नाही, तो इथं भरपगारी नोकरीवर आहे.

अडचण एकच, सांध्याची. टॉक जमतो, आ जमतो, पण नवशिक्याच्या तोंडी दोघांच्या मध्ये भेग पडते. म्हणून सुरुवात नाकातल्या आवाजापासून करावी. ‘अङ्’ लांबवत ठेवा, त्यातच टॉक वाजवा, न थांबता ‘आ’वर या. स्वर सलग राहतो, टाप त्यात मिसळून जाते. तो जमला की नाक बंद करून ‘आ-टॉक्-आ’. गालातला आवाज सर्वांत शेवटी घ्यावा, तो स्वराला चिकटायला सगळ्यांत हट्टी.

हे आवाज खोसाचे मूळचे नव्हेत, ही आणखी नवलाची गोष्ट. खोसा ही बांटू कुळातली भाषा, आणि त्या कुळातल्या बहुतेक भाषांत असले आवाज नाहीत. ते आले शेजाऱ्यांकडून, खोईखोई आणि सान लोकांच्या भाषांतून. कसे आले, याचं अनेक भाषाभ्यासकांना पटणारं उत्तर सासरघरी सापडतं. खोसा सुनेनं सासऱ्याच्या आणि सासरच्या थोर पुरुषांच्या नावातली अक्षरंसुद्धा उच्चारायची नाहीत, अशी ‘ह्लोनिफा’ नावाची रीत आहे. नावातलं एखादं अक्षर रोजच्या शब्दात आलं की तो शब्द अडला. मग त्या अक्षराच्या जागी शेजारच्या भाषेतला एखादा टॉक बसवायचा. कित्येक सुना तर त्या शेजाऱ्यांच्याच घरून आलेल्या. ‘अहो’ आणि ‘आमचे हे’ यांवर संसार केलेल्या, नाव घ्यायची वेळ आली की उखाण्याचा आडोसा धरणाऱ्या आपल्या बायकांना ही रीत समजावून सांगावी लागणार नाही. उत्तर कर्नाटकातल्या कानडी घरांत तोच आडोसा ‘ओडपु’ म्हणून चालतो.

आपल्या सीमाभागातही भाषा शेकडो वर्षं भिंतीला भिंत लावून राहिल्या, पण इथं देवघेव दुसऱ्याच खिडकीतून झाली. सांगली-मिरजेजवळच्या कुपवाडमध्ये जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी केलेला अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध झाला आणि भाषाविज्ञानात ते गाव जगभर गाजलं. तिथली कानडी, मराठी आणि उर्दू यांचे शब्द वेगवेगळे राहिले होते, वाक्याची ठेवण मात्र इतकी एक झाली होती की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत उतरत होतं. तिथल्या उर्दूत नदीलाही ‘आया’ म्हणत, कारण कानडीत निर्जीव वस्तूला स्त्रीलिंग नाही. कानडी वळणाचं मराठी बोलणारे पुलंचे ‘रावसाहेब’ आठवले ना? खोसानं शेजाऱ्याचा आवाज उचलला, कुपवाडनं शेजाऱ्याचं व्याकरण.

आता एक अवघड नाव घेऊ. दक्षिण आफ्रिकेतल्या पोर्ट एलिझाबेथ शहराचं नाव २०२१ मध्ये बदलून Gqeberha झालं. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या सेंट जॉर्जेस पार्कवर वरुण चक्रवर्तीनं १७ धावांत ५ बळी घेऊनही भारत हरला, तेच शहर. आपण ते नाव ‘गेबेरा’ असं वाचून मोकळे होतो. पण पहिलं व्यंजन म्हणजे ग चा घोष घेतलेली टाप, ती वर भेटलीच. मधला ब हवा आत ओढून म्हणायचा. सिंधीत असा ब आहे, आणि कोल्हापूरजवळ गांधीनगरच्या कापडबाजारात तो सिंधी व्यापाऱ्यांच्या बोलण्यात रोज ऐकू येतो. शेवटचा ‘र्‍ह’ मुळात र नाहीच, तो ‘ख़बर’मधला ख़ आहे. दख्खनी बोलणाऱ्यांना तर तो इतका प्रिय की ते क़लमलाही ख़लम म्हणतात. तेव्हा टाप निपाणीच्या पोराकडून, ब गांधीनगरहून आणि ख़ बेळगावातल्या एखाद्या दख्खनी बोलणाऱ्या दुकानदाराकडून घ्यावा. स्वर घरचेच चालतील: ए, ए, आ.