वातावरणाचा पंचनामा



गारपिटीनें शेत झोडपलें म्हणजे गांवांत पंचनामा होतो, हें आपणांस ठाऊक आहे. किती गुंठे पीक गेलें आणि कशानें गेलें, हें लिहून काढतात व खालीं पंच सह्या करतात. पंचनाम्यानें नुकसान भरून येत नाहीं. कोणीं किती द्यावें, हेंहि तो ठरवीत नाहीं. परंतु एकदां सही झाली कीं, 'असें कांहीं घडलेंच नाहीं' असें म्हणण्याची सोय उरत नाहीं. पृथ्वीच्या वातावरणाचाहि असाच एक पंचनामा दर कांहीं वर्षांनीं होत असतो. तो कसा होतो आणि राष्ट्रांच्या धोरणांत त्याचा उपयोग कोणता, हें आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

कोळसा व तेल जाळल्यानें हवेंत कार्बन डायऑक्साइड वायु वाढतो आणि तो उष्णता अडवून धरतो, ही गोष्ट नवी नाहीं. स्वीडनचे शास्त्रज्ञ आऱ्हेनियस यांनीं १८९६ सालींच तिचें गणित मांडलें होतें. १९५८ सालीं हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर या वायूची नियमित मोजणी सुरू झाली, तेव्हां हवेच्या दहा लक्ष भागांत तो सुमारें ३१५ भाग होता. आतां तें प्रमाण ४२० च्या वर गेलें आहे.

परंतु शास्त्रज्ञांस एखादी गोष्ट ठाऊक असणें निराळें आणि राज्यकर्त्यांनीं ती मान्य करणें निराळें. शास्त्रज्ञांचें लिखाण शेंकडों नियतकालिकांत विखुरलेलें. मंत्र्यानें त्यांतील काय वाचावें आणि कोणावर विश्वास ठेवावा? ही अडचण दूर करण्यासाठीं १९८८ सालीं जागतिक हवामान संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम यांनीं मिळून एक आंतरसरकारी समिती स्थापन केली. 'आयपीसीसी' या आद्याक्षरांनीं ती सर्वत्र ओळखली जाते.

ही समिती स्वतः प्रयोग करीत नाहीं. प्रसिद्ध झालेलें संशोधन वाचणें, पारखणें आणि कोणतें विधान कितपत भरंवशाचें आहे हें सांगणें, एवढेंच तिचें काम. २०२१ च्या अहवालासाठीं जगभरच्या संस्थांनीं जीं गणितें केलीं, त्यांत पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचाहि वांटा होता. लेखकांना समितीकडून वेतन मिळत नाहीं. मसुदा इतर तज्ज्ञांकडे व सरकारांकडे टीकेसाठीं जातो आणि प्रत्येक आक्षेपाची दखल लेखकांना घ्यावी लागते. शेवटीं धोरणकर्त्यांसाठीं लिहिलेला सारांश सरकारांच्या प्रतिनिधींपुढें ओळीओळीनें वाचला जातो व एकमतानें मंजूर होतो.

शास्त्राच्या लिखाणांत राजकारणी मंडळींस असा हात घालूं द्यावा काय, असें कोणीहि विचारील. १९९५ सालीं माद्रिद येथें, मनुष्याचा हवामानावरील परिणाम सांगणाऱ्या वाक्यांत विशेषण कोणतें घालावें, यावरच दीर्घ झटापट झाली. तेलसंपन्न देशांना कोणतेंहि ठाम विधान नको होतें. अखेर 'जाणवण्याजोगा' अशा अर्थाचा सौम्य शब्द मुक्रर झाला. शब्द सौम्य खरा. पण तो सर्वांचा झाला, आणि दोनच वर्षांनीं क्योटोचा करार झाला. पुढें २०२१ सालीं 'हा परिणाम निःसंशय आहे' या आशयाच्या वाक्यालाहि सरकारांनीं मान्यता दिली.

या पद्धतींतहि चूक होते. हिमालयांतील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहींशा होण्याचा संभव आहे, असें एक निराधार विधान २००७ च्या अहवालांत शिरलें होतें. २०१० सालीं समितीनें ती चूक कबूल केली आणि त्यानंतर आपल्या कार्यपद्धतीची बाहेरच्या विद्वानांकडून तपासणी करवून घेतली. पंचांची पत राहते ती अशा कबुलीमुळेंच.

आतां या पंचनाम्यानें धोरण कसें हलतें, तें एका उदाहरणानें पाहूं. २०१५ सालीं पॅरिस येथें राष्ट्रांनीं ठरविलें कीं, पृथ्वीची तापवाढ दोन अंशांच्या बरीच खालीं ठेवावी व ती दीड अंशावर रोखण्याचा प्रयत्न करावा. हा दीड अंश आला तो मुख्यतः लहान बेटांवरील राष्ट्रांच्या आग्रहानें. अर्ध्या अंशानें असें काय मोठें बिघडतें? हें पाहण्याचें काम समितीकडे सोंपविण्यांत आलें.

सहा हजारांहून अधिक शोधनिबंध चाळून २०१८ च्या ऑक्टोबरांत दक्षिण कोरियांतील इंचॉन येथें समितीनें उत्तर दिलें. दीड अंशाच्या तापवाढीनें उष्ण समुद्रांतील प्रवाळ ७० ते ९० टक्क्यांनीं घटेल. दोन अंशांनीं ९९ टक्क्यांहून अधिक. दीडावर थांबावयाचें, तर कार्बन डायऑक्साइडचें उत्सर्जन २०३० पर्यंत २०१० च्या मानानें सुमारें ४५ टक्क्यांनीं उतरलें पाहिजे आणि २०५० च्या सुमारास निव्वळ शून्यावर आलें पाहिजे.

दोनच महिन्यांनीं पोलंडमधील परिषदेंत, या अहवालाचें 'स्वागत' करावें कीं नुसती 'नोंद' घ्यावी, यावर वाद पेटला. अमेरिका, रशिया, सौदी अरेबिया व कुवेत यांना 'स्वागत' नको होतें. अखेर अहवाल वेळेवर पुरा झाला, याचेंच तेवढें स्वागत करण्यांत आलें! पण अहवालांतील आंकडे कोणास पुसतां आले नाहींत. २०२१ च्या ग्लासगो येथील करारनाम्यांत ते ४५ टक्के जसेच्या तसे उतरले. पुढें वानुआतु या प्रशांत महासागरांतील चिमुकल्या राष्ट्राच्या पुढाकारानें हा प्रश्न हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढें गेला. हवामानाचें रक्षण करणें हें राष्ट्रांचें कायदेशीर कर्तव्य आहे, असें मत न्यायालयानें २३ जुलै २०२५ रोजीं दिलें. तें मत बंधनकारक नसलें तरी त्याला शास्त्राचा आधार होता तो याच अहवालांचा. दुर्बळाच्या हातीं दुसरें शस्त्र नसतें, तेव्हां पंचनाम्याचा कागद असा कामीं येतो.

तथापि कागदानें ऊन उतरत नाहीं. २०२४ या वर्षाचें सरासरी तपमान औद्योगिक युगापूर्वीच्या मानानें दीड अंशाहूनहि अधिक भरलें. एका वर्षानें मर्यादा कायमची मोडली, असें शास्त्रज्ञ म्हणत नाहींत. पण ती किती जवळ आली आहे, हें त्यावरून कळतें. काय घडत आहे आणि कशानें घडत आहे, तें पंचांनीं लिहून ठेविलें आहे, आणि त्यावर राष्ट्रांच्या सह्याहि आहेत. आतां प्रत्येक देशाच्या नागरिकांनीं आपल्या सरकारला त्या सहीची आठवण करून देणें, एवढें काम उरलें आहे. आणि तें शास्त्रज्ञांचें नव्हे, आपलें आहे.