चुकीच्या स्पेलिंगचे डोमेन नाव : गुंतवणूक की जोखीम?

प्रसिद्ध संकेतस्थळाच्या नावातील एखादे अक्षर बदलून ते नोंदवायचे आणि चुकून तेथे आलेल्या वाचकांवर जाहिरातींतून कमवायचे, हा व्यवहार वरवर स्वस्त वाटतो. परंतु १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयाने 'रेडिफ'च्या दाव्यात 'रॅडिफ डॉट कॉम' या नावाच्या वापरास मनाई केली. २००४ साली 'सिफी' प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डोमेन नावास व्यापारचिन्हासारखे संरक्षण दिले. 'डॉट इन' नावांसाठी २००५ पासून लवादाची तरतूद आहे. दुर्हेतू सिद्ध झाल्यास नाव जाते आणि भरलेले शुल्कही बुडते.

आपल्या शहराचे नाव मात्र बुरहानपूर व बऱ्हाणपूर असे दोन्ही प्रकारे लिहितात. उर्दू-मराठी नावे रोमन लिपीत गेली की अशी रूपे वाढतात. म्हणून संस्थेने स्वतःच्या नावाची पर्यायी रूपे नोंदवणे इष्ट होय. ते संरक्षण आहे. दुसऱ्याच्या नावावरील कमाई ही गुंतवणूक नव्हे.