विश्लेषण : दोन वर्षांचे मूल इतके का चिडते?

चावणारे, वस्तू फेकणारे, दुकानात जमिनीवर लोळणारे मूल घरात लगेच ‘हट्टी’ ठरते आणि दोष आईच्या लाडांवर जातो. या वयात इच्छा भरपूर, शब्द मोजके. त्यामुळे थोडा थयथयाट स्वाभाविकच. तो रोजचाच झाला, तर आधी झोप पाहावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसाला ११ ते १४ तास झोप हवी. रात्री उशिरापर्यंत टीव्ही चालणाऱ्या घरात ती कुठून मिळणार?

लोहाची कमतरता सहसा ध्यानातच येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात पाच वर्षांखालील सुमारे ६९ टक्के बालकांना रक्तक्षय आहे. असे मूल किरकिरते, जेवत नाही. मग त्याला दुधावर ठेवले जाते आणि दुधात लोह नगण्य. कानात पाणी साचून कमी ऐकू येणारे मूल तर ‘ऐकत नाही’ म्हणून मार खाते!

हाकेला प्रतिसाद नसेल किंवा आलेले शब्द गेले असतील, तर ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणून थांबू नये. अंगणवाडीत येणाऱ्या बालस्वास्थ्य पथकाला दाखवावे. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पुढील तपासणी मोफत होते.