मेट्रोचं स्टेशन: दोन मजले आणि मधला उंबरठा



बीडहून पुण्याला जाणं आपल्याला नवीन नाही. कुणाचं लेकरू तिथं शिकतंय, कुणाला दवाखान्यात दाखवायचंय, कुणाचा गट प्रदर्शनात पापड-शेवया घेऊन जातोय. नगरमार्गे गेलं की पुण्यात शिरताना रामवाडीपाशी रस्त्यावर उंच खांब दिसतात. त्या खांबांवरून मेट्रो रामवाडीहून डेक्कन, नळ स्टॉप करत वनाजपर्यंत जाते. २०२२ साली वनाजच्या बाजूनं ती सुरू झाली आणि ६ मार्च २०२४ ला रामवाडीपर्यंत पोहोचली. या वाटेवरची सगळी स्टेशनं जमिनीच्या वर, खांबांवर आहेत.

आमच्या गटातल्या एका मावशींना पुण्याच्या दवाखान्यात न्यायचं होतं. गुडघ्यांनी बेजार झालेल्या. खालूनच स्टेशनकडं बघून म्हणाल्या, "एवढं उंच मला चढवत नाही बाई, रिक्षा करा." रिक्षाला पैसे किती लागतील हे त्यांनाही ठाऊक होतं. गुडघे दुखणाऱ्या बाईला हे स्टेशन जमतं का, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. तेच आज सांगतो.

आधी, स्टेशन एवढं उंच का? खालून ट्रक, बस जायला मोकळी उंची सोडावी लागते. त्याच्या वर तिकिटाचा मजला आणि त्याच्याही वर फलाट. आपल्या जुन्या घराशी ताडून बघा. रस्ता म्हणजे अंगण, तिकिटाचा मजला म्हणजे ओसरी आणि फलाट म्हणजे माळवद. अंगणातून एकदम माळवदावर जाता येत नाही, ओसरीवर थांबावंच लागतं.

ओसरीवर काय असतं? तिकिटाची खिडकी, तिकिटाचं यंत्र, सामानाची तपासणी आणि ओळीनं लावलेली फाटकं. ही फाटकं म्हणजे स्टेशनचा उंबरठा. अलीकडचा भाग सगळ्यांना मोकळा, पलीकडचा फक्त तिकीटवाल्यांना. तिकिटावरची चौकोनी खूण फाटकावरच्या काचेला दाखवली की ते उघडतं. उतरल्यावर बाहेर पडतानाही तेच तिकीट दाखवावं लागतं, म्हणून ते चुरगाळू नका, टाकू नका.

इथंच आमची फजिती झाली. तिघींची तिकिटं एकीच्याच पर्समध्ये होती. आम्ही दोघी बोलत बोलत आत गेलो आणि मावशी अलीकडेच राहिल्या. पलीकडून त्या हाका मारतायत, आणि आम्हाला परत कसं यायचं ते कळेना. तिथल्या कर्मचारी ताईंनी मावशींना आत घेतलं. तेव्हापासून आमचा नियम, जिचं तिकीट तिच्याच हातात.

आता लिफ्ट. रस्त्यावरची लिफ्ट मावशींना थेट फलाटावर नेईल असं आम्हाला वाटलं होतं. तसं नसतं, कारण मध्ये तिकीट तपासायचं असतं. एक लिफ्ट रस्त्यावरून ओसरीपर्यंत आणि दुसरी उंबरठ्याच्या आतून फलाटावर. म्हणजे दोनदा बसायचं. सरकत्या जिन्याची भीती वाटणाऱ्या बाईनं त्यावर पाय ठेवायची गरजच नाही. रस्त्याच्या कोणत्या कडेला लिफ्ट आहे, तेवढं चढायच्या आधी विचारून घ्या. जमिनीवर पिवळ्या, खडबडीत फरश्यांची वाट दिसेल. ती दिसत नसलेल्या माणसांसाठी आहे. लांब रेघा म्हणजे सरळ चला, गोल ठिपके म्हणजे थांबा किंवा वळा. त्या वाटेवर पिशव्या मांडून बसू नका.

वर जाण्याआधी पाटी वाचा. अशा स्टेशनांत बहुतेक ठिकाणी मध्ये दोन रूळ आणि दोन्ही कडांना फलाट असतात. एका फलाटावर वनाजची गाडी, समोरच्यावर रामवाडीची. चुकीच्या फलाटावर गेलात तर घाबरू नका. परत ओसरीवर उतरा आणि दुसऱ्या बाजूनं चढा. रुळांत मात्र कधीच उतरायचं नाही. वरच्या तारेत २५,००० व्होल्टची वीज असते. गाडीचा तळ आणि फलाट एका पातळीवर असतात, एसटीसारखी पायरी चढावी लागत नाही. मावशी म्हणाल्या, "यात चढणं तर एसटीपेक्षा सोपं आहे की!"

शेवटची गोष्ट बाहेर पडण्याची. स्टेशन रस्त्याच्या डोक्यावर असल्यामुळे जिने रस्त्याच्या दोन्ही कडांना उतरतात. आपल्याला कोणत्या कडेला जायचंय ते ओसरीवरच ठरवा. चुकून पलीकडं उतरलात तर गाड्यांच्या गर्दीतून धावत रस्ता ओलांडू नका. बहुतेक स्टेशनांवर ओसरीच्या मोकळ्या भागातून बिनतिकीट पलीकडं जाता येतं.

एक स्टेशन मात्र वेगळं आहे, जिल्हा न्यायालयाचं. लोक त्याला सिव्हिल कोर्ट म्हणतात. तिथं वनाज-रामवाडीची मेट्रो वर खांबांवर, तर पिंपरी-चिंचवडहून स्वारगेटला जाणारी खाली जमिनीत सुमारे ३३ मीटर खोल. गाडी बदलायची असेल तर तिथं जास्त वेळ हाताशी ठेवा.

परत आल्यावर गटाच्या बैठकीत आम्ही फरशीवर खडूनं स्टेशन काढलं. अंगण, ओसरी, उंबरठा, माळवद. सगळ्या जणी त्यावरून एकेकदा चालून आल्या. पुढच्या महिन्यात मावशींना पुन्हा दाखवायला न्यायचंय. त्यांनी बजावून ठेवलंय, "माझं तिकीट माझ्याच हातात द्या."