हिंगोलीचे दोन कान

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ एक यंत्र उभारायचे ठरले आहे. काटकोनात जोडलेल्या, प्रत्येकी 4 किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या, आत जवळजवळ संपूर्ण निर्वात पोकळी आणि तिच्यातून ये-जा करणारा लेसर. नाव लायगो-इंडिया. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023मध्ये त्यासाठी सुमारे 2,600 कोटी रुपये मंजूर केले. अब्जावधी वर्षांपूर्वी कुठेतरी दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली, अवकाशालाच थरथर सुटली. ती थरथर आज पृथ्वीवरून जाताना टिपायची, हे त्याचे काम. अमेरिकेतल्या लायगोने 14 सप्टेंबर 2015 रोजी अशी पहिली लाट पकडली, तेव्हा त्या 4 किलोमीटर लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या हिश्शाहूनही लहान होता!

असल्या यंत्राला हवी असते निवांत जमीन. महामार्गावरचे ट्रक, रेल्वे, कारखाने यांच्यामुळे जमीन सतत बारीक थरथरत असते. आपल्याला ते जाणवत नाही, लायगोला जाणवते. जागा शोधताना ही थरथरही मोजली गेली आणि हिंगोलीची जमीन त्या कसोटीला उतरली. या जिल्ह्याची शांतता देशाला मोलाची वाटली, याचा मला मनापासून आनंद आहे.

पण याच जिल्ह्यात आणखी एक तितकेच थक्क करणारे यंत्र घरोघरी आहे. ऐकू येणाऱ्या सर्वांत मंद आवाजाला माणसाच्या कानाचा पडदा एका अणूच्या व्यासाहूनही कमी हलतो. तेवढ्या हालचालीची खबर आतल्या केसपेशी मेंदूला देतात. एका कानात त्या साधारण 15 हजार असतात, जन्माला येताना मिळालेल्या. मेलेली केसपेशी पुन्हा उगवत नाही.

या दुसऱ्या कानासाठीही सरकारने नियम केले आहेत : ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, 2000. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती 100 मीटरपर्यंतच्या शांतता क्षेत्रात दिवसा 50, रात्री 40. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा; या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सणावारांसाठी वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. मात्र ही सूट वेळेची आहे, आवाजाच्या पातळीची नाही, आणि मंडळांच्या बैठकांत नेमके हेच सांगायचे राहून जाते.

डेसिबलचा हिशेब मोठा फसवा आहे. 55 आणि 105 हे आकडे ऐकून दुप्पट आवाज असेल असे वाटते. पण दर 10 डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते. 65ला दहापट, 75ला शंभरपट आणि 105ला थेट एक लाख पट! 85 डेसिबलमध्ये आठ तास काम करणे ही सुरक्षिततेची कड मानली जाते. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मी होत जाते. म्हणजे 100 डेसिबलला उरतात पंधरा मिनिटे. विसर्जनाच्या मिरवणुकीत डीजेच्या गाडीमागे चालणारे पोर पंधरा मिनिटांत घरी जात नाही.

शांतता क्षेत्राचे 100 मीटर पाहा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज 6 डेसिबलने उतरतो. समजा, भोंग्यापासून एक मीटरवर 110 डेसिबल आहेत. तर 100 मीटरवरच्या रुग्णालयातल्या खाटेपर्यंत 70 पोचतात. मर्यादा 50ची, म्हणजे ऊर्जा शंभरपट.

सर्वांत चकित करणारी गोष्ट मापनातच दडलेली आहे. नियमातले डेसिबल ‘ए’ पट्टीचे असतात. मंद आवाजात माणसाच्या कानाला खर्जातले स्वर कमी ऐकू येतात, म्हणून ही पट्टी ते वजा करून मोजते. सेकंदाला 50 कंपनांच्या खर्जाचे तब्बल 30 डेसिबल कमी धरते. डीजेचा सगळा जोर तर याच खर्जावर. छातीत धडधडते, तावदाने थरथरतात, खर्ज भिंत ओलांडून घरात शिरतो, पण यंत्रावरच्या आकड्यात तो पुरता उतरत नाही. खर्जासाठी वेगळी मर्यादा घातली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हिंगोली काही आवाजाचा वैरी जिल्हा नाही. संत नामदेवांचे नर्सी इथलेच, दीडशेहून अधिक वर्षे चालत आलेला हिंगोलीचा सार्वजनिक दसरा इथलाच. ध्वनिक्षेपक येण्याआधीही कीर्तन शेवटच्या श्रोत्यापर्यंत पोचत होते.

सर्वोच्च न्यायालयाने 18 जुलै 2005च्या निकालात शांततेने जगणे हा घटनेच्या 21व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. तो हक्क वापरायला मोजयंत्र विकत घ्यावे लागत नाही. दिवसा मर्यादेपेक्षा 10 डेसिबल जास्त आवाज असेल तर तक्रार करता येते. रात्रीच्या बंदीचा भंग झाला असेल तर आकड्याचीही गरज नाही, घड्याळ पुरते. रात्री दहानंतर उघड्यावर भोंगा वाजत असेल, तर 112 लावा. आणि मंडळात तुमचा शब्द चालत असेल, तर तशी वेळ येण्याआधीच खर्ज कमी करायला सांगा.