खुर्चीला धर्म नसतो!

काही महिन्यांपूर्वी एक तरुण जोडपे आमच्याकडे आले. मुलगा बौद्ध, मुलगी मराठा. दोघेही सज्ञान, पदवीधर, कमावते. विशेष विवाह कायद्याखाली लग्नाची नोटीस देण्यासाठी ते एका विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात गेले होते. वयाचे दाखले, रहिवासाचे पुरावे, फोटो, सारे सोबत होते. साहेबांनी कागद चाळले, मुलीच्या आडनावावर बोट ठेवले आणि विचारले, "आईवडिलांना विचारलं का? आपल्या धर्मात हे बसतं का?" मग अर्ज न स्वीकारताच परत केला. "मी देवधर्म पाळणारा माणूस आहे. असल्या कागदावर माझी सही होणार नाही. दुसरा कोणी आला की या."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या दोघांबरोबर गेलो. वाद घातला नाही. एवढेच म्हणालो, "साहेब, अर्ज नाकारताय ना? मग कारण लेखी द्या." दहा मिनिटांत अर्ज स्वीकारला गेला. आज ते दोघे पतीपत्नी आहेत. काल आड येणारा साहेबांचा धर्म 'लेखी द्या' या दोन शब्दांनी कुठे पळाला, हे आम्हाला अजून कळलेले नाही!

प्रश्न त्या एका साहेबाचा नाही. वकील सोबत नेता येत नाही अशा हजारो माणसांचा आहे. सरकारचा पगार घेणाऱ्याने 'माझी श्रद्धा आड येते' म्हणून लोकांचे काम अडवावे काय?

हा वाद परदेशातही झाला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २६ जून २०१५ रोजी समलिंगी विवाहाचा हक्क मान्य केला. केंटकी राज्यातील रोवन काउंटीच्या क्लार्क किम डेव्हिस यांनी विवाह परवाने देण्याचेच बंद केले. कारण विचारले तर देवाचा अधिकार सांगितला. न्यायालयाचा आदेशही मानला नाही, म्हणून सप्टेंबर २०१५ मध्ये त्यांना पाच दिवस तुरुंगात राहावे लागले. पुढे एका जोडप्याला भरपाई देण्याचा निर्णय ज्यूरीने दिला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांचा अर्ज तेथील सर्वोच्च न्यायालयाने ऐकूनही घेतला नाही. दक्षिण आफ्रिकेत २००६ च्या कायद्याने विवाह अधिकाऱ्यांना अशा विवाहांपुरती सवलत दिली होती. ती सवलत २०२० साली संसदेने काढून टाकली. नागरिकाचा हक्क अधिकाऱ्याच्या मर्जीवर टांगून ठेवता येत नाही, हे त्यांना अनुभवाने कळले.

आम्हाला ते कळण्यासाठी केंटकीला जाण्याची गरज नाही. १९१७ साली बाबासाहेब कोलंबिया आणि लंडनमधील शिक्षण घेऊन बडोदा संस्थानच्या नोकरीत गेले. तेथे शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून फाईली फेकत. तो शिपाई मनाने दुष्ट होता काय? नसेलही. तो आपला 'धर्म' पाळत होता! १९३६ साली खेडा जिल्ह्यातील बोरसद येथे एका भंगी समाजाच्या तरुणाची मामलेदार कचेरीत तलाठी म्हणून नेमणूक झाली. नेमणुकीचा कागद घेऊन तो गेला, तर कारकुनाने त्याला दूर उभे केले आणि कागद जमिनीवर टाकायला लावला. कचेरीतल्या पिण्याच्या पाण्याच्या भांड्याला हात लावण्याचीही त्याला मुभा नव्हती. ही हकिकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

महाडचेच पाहा. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबई कायदे कौन्सिलने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. कागदावर तळे आमचे झाले. पाणी मात्र मिळाले नाही. ते २० मार्च १९२७ रोजी आमच्या बापजाद्यांनी डोकी फोडून घेऊन मिळवले. ठराव होता, नगरपालिका होती. मग आड काय होते? अंमलबजावणी करणाऱ्यांच्या आणि गावाच्या मनातला धर्म!

म्हणूनच अधिकाऱ्याच्या 'सदसद्विवेकबुद्धी'चे कौतुक कोणी सांगू लागले की आमचे कान टवकारतात. या देशात कचेरीच्या टेबलामागे बसलेल्या श्रद्धेचा अर्थ आमच्या वाट्याला बहुतेक वेळा विटाळ असाच आला आहे.

आता कायदा पाहू. संविधानाच्या अनुच्छेद २५ ने प्रत्येकाला धर्मस्वातंत्र्य दिले. परंतु त्या अनुच्छेदाची सुरुवातच अटीने होते. हे स्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि मूलभूत हक्कांच्या भागातील इतर तरतुदींच्या अधीन आहे. त्या इतर तरतुदींमध्ये अनुच्छेद १४ ची समता आहे, १५ मधली भेदभावाला बंदी आहे आणि १७ ने केलेले अस्पृश्यतेचे उच्चाटन आहे. म्हणजे समतेला छेद देणारी श्रद्धा घरात ठेवा, शासकीय शिक्क्यावर आणू नका!

विशेष विवाह कायदा, १९५४ तर अगदी स्पष्ट आहे. कलम ४ मध्ये लग्नाच्या अटी दिल्या आहेत. आधीचा जोडीदार हयात नसावा, मानसिक क्षमता असावी, मुलाचे वय २१ आणि मुलीचे १८ पूर्ण असावे, निषिद्ध नात्यात लग्न नसावे. यात जात कुठे आहे? धर्म कुठे आहे? आईबापाची संमती कुठे आहे? नोटीस लागल्यावर ३० दिवसांत कोणी आक्षेप घेतला तरी तो या अटींवरच घेता येतो. नोटीस मुलीच्या घरी पाठवून बापाला सावध करण्याचा उद्योगही कायद्यात बसत नाही, हे दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली सांगितले आहे. बाबासाहेबांचा १५ एप्रिल १९४८ चा विवाहही दिल्लीत नोंदणी पद्धतीनेच झाला. नोंदणी अधिकाऱ्याने तेव्हा 'माझा धर्म आड येतो' असे म्हटले असते तर?

कोणी म्हणेल, वकीलसाहेब, मग अधिकाऱ्याला मन नाही काय? आहे. त्याचाही मार्ग बाबासाहेबांनी दाखवला आहे. हिंदू कोड बिलाची वाट लावली जात असताना ते कायदामंत्र्याच्या खुर्चीत बसून राहिले नाहीत. इतरही मतभेद होते. १९५१ साली त्यांनी राजीनामा दिला. मनाला पटत नसेल तर खुर्ची सोडावी. खुर्चीही हवी, पगारही हवा आणि काम मात्र माझ्या देवाला विचारून करीन, हे चालणार नाही.

हा नियम आम्ही दुसऱ्यांना लावतो तसा स्वतःलाही लावला पाहिजे. आमचे बौद्ध पोलीस बांधव दरवर्षी गणपती विसर्जनाला रात्र रात्र बंदोबस्तावर उभे असतात. गौरी-गणपतीला देव मानणार नाही ही प्रतिज्ञा त्यांनी घेतली आहे. तरी कोणी 'माझ्या बावीस प्रतिज्ञा आड येतात' म्हणून बंदोबस्त नाकारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. कारण गर्दीतल्या माणसाचा जीव वाचवणे हे कर्तव्य आहे, पूजा नव्हे. मात्र त्याच बांधवाला कोणी 'आरतीला उभा राहा, ताट धर' म्हटले, तर नाही म्हणण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. बंदोबस्त हे कर्तव्य. आरती हे कर्तव्य नव्हे. सगळा प्रश्न या एका रेषेचा आहे.

ही रेषा सरकारनेही पाळली पाहिजे. कचेरीत सत्यनारायण घालायचा, वर्गणी सर्वांकडून घ्यायची आणि न देणाऱ्या बौद्ध किंवा मुस्लिम कर्मचाऱ्याकडे वाकड्या नजरेने पाहायचे, हा कोणता कारभार? पलटणीच्या मंदिर-गुरुद्वाराच्या गाभाऱ्यात जाण्यास नकार देणाऱ्या एका ख्रिस्ती लेफ्टनंटला २०२१ साली सैन्यातून बडतर्फ करण्यात आले. मे २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आणि नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई कायम ठेवली. निकाल सैन्याच्या शिस्तीच्या आधारावर आहे. न्यायालयाचा आदर राखून आम्ही म्हणतो की गाभाऱ्याच्या आत जाणे हे कर्तव्यात मोजले गेले, हे आम्हाला पटलेले नाही. आणि उद्या कोणी याच निकालाचा दाखला देऊन तहसील कचेरीतल्या पूजेची सक्ती करू लागला, तर त्याला विरोध करावा लागेल.

मग आपण काय करायचे? तोंडी नकार ऐकून घरी परतायचे नाही. अर्जाची पोच घ्या. नकाराचे कारण लेखी मागा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवा नाकारायची तर कारण लेखी नोंदवावेच लागते. माहितीच्या अधिकारात आपल्या अर्जाचे काय झाले ते विचारा. विवाह अधिकाऱ्याने आक्षेप मान्य करून लग्न नाकारले, तर ३० दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील करा. अत्याचाराच्या प्रकरणात पोलीस अधिकारी तक्रार नोंदवत नसेल, तर अॅट्रॉसिटी कायद्याचे कलम ४ त्याच्यासाठीच आहे. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या, अनुसूचित जाती-जमातीचा नसलेल्या लोकसेवकाला सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आमच्या सुशिक्षित कार्यकर्त्यांनी एवढी कलमे पाठ करून वस्तीतल्या विहारात दर रविवारी सांगितली, तरी पुष्कळ काम होईल.

संविधान कितीही चांगले असले तरी ते राबवणारे वाईट निघाले तर ते वाईटच ठरेल, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. ते राबवणारे म्हणजे फक्त दिल्लीतले मंत्री नव्हेत. शिक्का हातात घेऊन बसलेला तो विवाह अधिकारीही त्यातच आला. आणि 'लेखी द्या' म्हणून त्याच्यासमोर ताठ मानेने उभे राहणारे तुम्ही-आम्हीही त्यातच आलो.

जयभीम!